चित्रकर्त्री बी. प्रभा

१९५६ सालीं एअर इंडिया या विमान कंपनीनें एका तरुण चित्रकर्त्रीचीं सहा चित्रें विकत घेतलीं. दर चित्रास साडेसत्त्याऐंशी रुपये पडले. दशमान नाणीं आपल्याकडे सुरू झालीं तीं १ एप्रिल १९५७ पासून. तेव्हां हा हिशोब ८७ रुपये ८ आण्यांचाच झाला असला पाहिजे. सहा चित्रांचे मिळून ५२५ रुपये झाले. पुढें या कंपनीनें हजारों चित्रें व शिल्पें जमविलीं आणि तिचा कलासंग्रह जगांत नांवाजला गेला. पण त्या सगळ्या संग्रहाचा श्रीगणेशा या सहा चित्रांनीं झाला असें सांगतात. चित्रें होतीं खेड्यांतल्या स्त्रियांचीं, आणि काढणारी होती आपल्या विदर्भाची कन्या, वय वर्षें बावीस-तेवीस. तिचें नांव बी. प्रभा.

अमरावती-अकोल्याकडील श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या कानांवर हें नांव आज प्रथमच पडत असेल. नागपूरजवळच्या बेला नांवाच्या लहानशा खेड्यांत १९३३ सालीं प्रभाबाईंचा जन्म झाला. तो प्रदेश आपल्या वऱ्हाडाला लागूनच आहे. तीच काळी माती, तोच कापूस, तेंच चैत्र-वैशाखाचें ऊन. अशा खेड्यांतल्या मुलीला चित्रकला अगदींच परकी असते असें नाहीं. नागपंचमीला भिंतीवर नाग काढावयाचे, दिवाळींत अंगण सारवून रांगोळी घालावयाची, हें काम घरच्या बायामुलींचेंच. त्यांत हात बसतो, रेघ सरळ जाते, ठिपक्यांचें गणित जमतें. मात्र हीं चित्रें दुसऱ्या दिवशीं पुसण्यासाठींच काढलेलीं असतात. त्यांच्याखालीं कोणी आपलें नांव लिहीत नाहीं आणि तीं विकत घेण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. चित्रकलेवर पोट भरणारी स्त्री ही कल्पना त्या काळीं खेड्यांतच काय, नागपूर-अमरावतीसारख्या शहरांतहि पचण्यासारखी नव्हती.

प्रभाबाईंचें पहिलें रीतसर शिक्षण नागपूरच्या कलाशाळेंत, म्हणजे नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्यें झालें. ही शाळा लहान, पण तिचें ऋण मोठें आहे. पुढें पॅरिसला जाऊन जगद्विख्यात झालेले सय्यद हैदर रझा हे मंडला जिल्ह्यांतले. ते प्रथम याच शाळेंत शिकले. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचे हरी अंबादास गाडे हेहि याच शाळेचे. गाडे मुळांत विज्ञानाचे पदवीधर. पण रंगांची ओढ त्यांना स्वस्थ बसूं देईना. १९४७ सालीं मुंबईंत सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा तरुणांनीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप या नांवाचें मंडळ काढलें, आणि हिंदी चित्रकलेचा नवा अध्याय तेथून सुरू झाला असें जाणकार मानतात. त्या सहांपैकीं दोघांनीं नागपुरास धडे गिरविले होते. तळेगांव दशासरचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडे लोकांना शंकरपट आठवतो. गाडे क्वचितच कोणाला आठवतात.

नागपुराहून प्रभाबाई मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत गेल्या. आज हा प्रवास एका रात्रीचा आणि एकाच राज्यांतला वाटतो. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर व वऱ्हाड हे मध्यप्रदेश राज्यांत होते, राजधानी नागपुरासच होती, आणि मुंबई ही दुसऱ्या राज्याची नगरी होती. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तेथें जाणें म्हणजे परप्रांतांत जाणेंच होतें. विद्यार्थिनीची गोष्ट तर बोलावयासच नको. कलाशाळेंत स्त्रियांची वाट पूर्वीच पडलेली होती हें खरें. प्रसिद्ध चित्रकार रावबहादूर धुरंधर यांच्या कन्या अंबिकाबाई यांनीं १९३१ सालींच तेथील पदविका मिळविली होती, आणि गोमंतकीय चित्रकार त्रिंदाद यांच्या कन्या अँजेला यांनींहि तेथेंच शिक्षण घेऊन नांव कमावलें होतें. पण या दोघींच्या घरीं रंगाचा वास आधींपासूनच दरवळत होता. वडिलांचा हात पाठीवर होता. बेल्याच्या मुलीला तो वारसा नव्हता. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये यांचेंहि उदाहरण येथें आठवतें. त्यांनीं १९५३ सालीं प्रोग्रेसिव्ह मंडळाच्या चित्रकारांबरोबर आपलीं चित्रें मांडलीं. पण पुढें त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या, आणि भानु अथैय्या या नांवानें १९८३ सालीं त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्यांचें यश थोर आहे यांत शंका नाहीं. तथापि पोटासाठीं आणि मानासाठीं एका गुणी स्त्रीला चित्रफलक सोडून दुसऱ्या कामाकडे जावें लागलें, हेंहि त्या काळाचें चित्रच आहे. प्रभाबाईंनीं चित्रफलक सोडला नाहीं.

कलाशाळेंत त्यांनीं चित्रकलेबरोबर भित्तिचित्रणाचाहि अभ्यासक्रम पुरा केला. ही गोष्ट १९५५ च्या सुमाराची. भित्तिचित्राची विद्या वेगळी असते. भिंत दुरून पाहावयाची. तेथें बारीक छायाप्रकाशाची कुसर वायां जाते. रेषा ठळक लागते, आकृति मोठ्या लागतात, रंग सपाट आणि मोजके लागतात. प्रभाबाईंचीं पुढचीं तैलचित्रें पाहतां हें शिक्षण त्यांच्या हातांत कायमचें मुरलें होतें असें दिसून येतें. त्यांच्या बहुतेक चित्रांत एकाच रंगाचें राज्य असतें. एखादें चित्र सारें निळें, एखादें तांबूस, एखादें हळदीच्या रंगाचें. बाकीचे रंग त्या मुख्य रंगाच्या आज्ञेंत वागतात. आरंभीं त्यांनीं नव्या पद्धतीचीं, ज्यांत ओळखूं येणारी वस्तु नसते अशीं चित्रेंहि काढून पाहिलीं. पण तो मार्ग त्यांनीं लौकरच सोडला. ज्यांच्याविषयीं सांगावयाचें होतें तीं माणसें त्या मार्गानें चित्रांत येईनात, असें त्याचें कारण मानतां येईल.

विद्यार्थिदशेंतच त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन झालें आणि त्यांतलीं तीन चित्रें सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांनीं घेतलीं. भाभा हे अणुविज्ञानाचे आचार्य, पण चित्रांचे मोठे दर्दी. स्वतःहि रेखाटनें करीत. आपल्या संशोधनसंस्थेच्या भिंतीवर नव्या चित्रकारांचीं चित्रें असावीं असा त्यांचा आग्रह असे. अशा माणसानें घेतलेलें चित्र म्हणजे नवख्या कलावंताला एक प्रशस्तिपत्रच होय. १९५६ सालीं प्रभाबाईंचा विवाह शिल्पकार व चित्रकार बी. विठ्ठल यांच्याशीं झाला. १९५८ सालीं मुंबई राज्याच्या कलाप्रदर्शनांत त्यांना पहिलें पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत विदर्भ मुंबई राज्यांत आलेला होता. जेथें परप्रांतीय म्हणून शिकावयास गेल्या, तेथें दोन-तीन वर्षांत त्या घरच्या झाल्या.

आतां त्यांच्या कलेच्या कुळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. प्रभाबाईंनीं जिला मनोमन आदर्श मानलें ती चित्रकर्त्री म्हणजे अमृता शेरगिल. शीख पिता आणि हंगेरियन माता यांची ही कन्या १९१३ सालीं बुडापेस्ट येथें जन्मली, पॅरिसमध्यें शिकली आणि १९३४ च्या अखेरीस हिंदुस्थानांत परत आली. १९३६ च्या अखेरीस तिनें अजिंठा व वेरूळ पाहिलें आणि तेथून तिची दृष्टि पालटली. तीन मुलींच्या तिच्या प्रसिद्ध चित्रास १९३७ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. १९४१ च्या डिसेंबरांत अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं ती लाहोर येथें वारली. त्या वेळीं प्रभाबाई आठ वर्षांच्या होत्या. दोघींची भेट झाली ती चित्रांतूनच.

अजिंठ्याचें नांव निघालें कीं वऱ्हाडी माणसाला तें कांहीं परदेशचें वाटावयास नको. बुलढाणा जिल्ह्याची सीमा ओलांडली कीं तोच डोंगर लागतो. तेथील कारागिरांची रीत अशी कीं, गुळगुळीत केलेल्या गिलाव्यावर आधीं गेरूनें रेषा ओढावयाची, तींत सपाट रंग भरावयाचे आणि शेवटीं काळसर रेषेनें आकृति पुन्हां बांधून घ्यावयाची. चित्राचा सारा जीव रेषेंत. तेथल्या स्त्रियांच्या माना किंचित् कललेल्या, डोळे अर्धे मिटलेले, देह लांबट आणि सावळे आहेत. अमृतेनें हें पाहिलें आणि आपल्या काळच्या गरीब स्त्रीपुरुषांना त्या रेषेंत बसविलें. अमृतेकडून तें प्रभाबाईंनीं घेतलें. म्हणजे घराजवळच्या डोंगरांतली विद्या बुडापेस्ट-पॅरिसच्या मुलीकडून फिरून पुन्हां बेल्याच्या मुलीला मिळाली. विद्येचे असे लांबचे फेरे इतिहासांत पुष्कळ दिसतात.

येथवर कलेचें कूळ झालें. प्रभाबाईंचें स्वतःचें धन म्हणजे त्यांच्या कोळिणी. समुद्रकाठची मासे विकणारी कोळीण हा त्यांचा आवडता विषय. आयुष्यभर त्या तिच्याकडे पुनःपुन्हां वळल्या. उंच, सडपातळ, मान लांब, खांदे उतरते, अंगाला घट्ट बसलेलें लुगडें, डोकीवर किंवा मांडीशीं माशांची टोपली. चेहरा लांबट, डोळे काळे आणि भरून आलेले, ओठ मिटलेले. कोठें एकटी, कोठें दोघी-तिघी एकमेकींना टेकून बसलेल्या. पाठीमागें समुद्र असेल नसेल. कित्येकदां नुसता रंगाचा पडदाच असतो.

ज्यानें मुंबईचा मासळीबाजार पाहिला आहे त्याला या चित्रांत एक नवल दिसेल. खरी कोळीण गप्प कोठें असते? पहाटे धक्क्यावर होड्या लागल्या कीं मासळी ताब्यांत घेण्यापासून गिऱ्हाइकाशीं हुज्जत घालण्यापर्यंत सगळा कारभार तिच्या तोंडावर चालतो. नवरा दर्याचा, तर पैसा तिच्या कनवटीचा. आपल्याकडचा माणूस पहिल्यांदां त्या बाजारांत गेला तर तिच्या आवाजानेंच दबकतो. असें असतां प्रभाबाईंनीं तिला बोलतां दाखविलेंच नाहीं. त्यांनीं निवडला तो बाजाराआधींचा नाहींतर बाजारानंतरचा क्षण: टोपली रिकामी व्हावयाची आहे, किंवा झाली आहे, भाव मनासारखा मिळाला कीं नाहीं कोणास ठाऊक, घरीं जाऊन चूल पेटवावयाची आहे, आणि त्या मधल्या दोन घटका ती कोणाचीच नाहीं, स्वतःची आहे. अशी बाई पाहावयास वऱ्हाडच्या माणसाला समुद्रावर जावें लागत नाहीं. दिवसभर पोटाशीं ओटी बांधून कापूस वेचणारी आणि संध्याकाळीं मजुरीसाठीं बांधावर बसून राहिलेली बाई याच बसणीची असते. अकोल्याच्या जिनिंगच्या आवारांत सरकीच्या ढिगाशीं विसावलेल्या बायांची मान अशीच कललेली असे. कोळिणीचें लुगडें नेसवून प्रभाबाईंनीं आपल्या मुलखांतली बाईच पुन्हां पुन्हां चितारली असें म्हटलें, तर तो तर्क असेल. पण चित्रापुढें उभें राहिल्यावर तो सोडवत नाहीं. स्त्रीच्या वांट्याला आलेलें दुःख रंगविणें हाच आपला हेतु आहे, असें त्या उघड सांगत. दुष्काळ, भूक, बेघरपणा हेहि विषय त्यांनीं हाताळले. १९७२ चा दुष्काळ आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा ज्यांच्या आठवणींत आहेत, त्यांना या चित्रांचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नाहीं.

त्यापूर्वीं घरोघर स्त्रीचें चित्र म्हणून जें टांगलेलें असे तें रविवर्म्याच्या छापखान्यांतलें: लक्ष्मी, सरस्वती, हंसाशीं बोलणारी दमयंती. त्या सुंदर होत्या, भरल्या अंगाच्या होत्या, दागिन्यांनीं मढलेल्या होत्या. प्रभाबाईंच्या स्त्रीच्या गळ्यांत एखादा दागिना असलाच तरी नजर तेथें ठरत नाहीं. ती पाहणाराचें मन रिझवावयास बसलेली नाहीं.

आणि तरीहि तिनें मन रिझविलें, ही या कथेंतली अडचणीची गोष्ट आहे. विमान कंपनीला पाहिजे होतें तें परदेशच्या प्रवाशाला हिंदुस्थानची हौस वाटावी असें कांहीं. सुबक आकृति, प्रसन्न रंग, डौलदार रेषा; कचेरीच्या भिंतीवर तें शोभून दिसलें. पुढें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतहि कोळीण जाऊन बसली. जिची टोपली विकतां विकत नव्हती, तिचें चित्र मात्र हातोहात खपलें. टीकाकारांनीं त्यावरून दोष दिला कीं प्रभाबाईंचीं चित्रें फार गोड आहेत, दुःखालाहि त्यांनीं अलंकार घातले. आणि तीच ती उंच बाई त्या वर्षानुवर्षें काढीत राहिल्या. या आरोपांत मुळींच तथ्य नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं. त्यांच्या कांहीं चित्रांत रेषेचा डौल इतका वरचढ होतो कीं मागचें दुःख शोधावें लागतें. अमृता शेरगिलच्या चित्रांतला रांगडेपणा आणि मौनाचा भार त्यांच्याकडे नेहमींच आढळत नाहीं.

परंतु एकच आकृति पुनःपुन्हां काढल्याचा दोष विचार करून दिला पाहिजे. कीर्तनकार एकच आख्यान शंभर गांवीं लावतो तेव्हां त्याला कोणी हटकीत नाहीं. तें आख्यान त्याला उमगलें आहे असें आपण मानतों. त्यांतून, ज्या स्त्रीला घरभाडें, रंग, कापड यांचा खर्च चित्रें विकूनच भागवावयाचा होता, तिनें गिऱ्हाइकाची आवड पाहिली तर त्यांत लाज वाटण्यासारखें काय आहे? भांडवल नाहीं, घराण्याचें पाठबळ नाहीं, नोकरीचा आधार नाहीं, अशा स्थितींत ब्रशावर संसार चालविणें हें त्या काळीं पुरुष चित्रकारांनाहि साधत नव्हतें. त्यांच्या चित्रांचीं पन्नासांहून अधिक प्रदर्शनें देशांत व परदेशांत झालीं. विकलें जाणें हा कलेचा पुरावा नव्हे हें खरें. पण न विकलें जाणें हाहि नव्हे.

किंमतीची गोष्ट निघाली आहे तर त्याच कंपनीची आणखी एक सांगण्यासारखी आहे. १९६७ सालीं तिनें साल्वादोर दाली या स्पेनच्या बड्या चित्रकाराकडून राखदाणीचा एक नमुना करून घेतला. त्या बदल्यांत दालीनें पैसे मागितले नाहींत. हत्तीचें पिल्लू मागितलें, आणि कंपनीनें तें विमानानें पाठविलें! राखदाणीस हत्ती आणि सहा चित्रांस सव्वापांचशें रुपये. आज मात्र प्रभाबाईंचें एकेक चित्र लिलावांत लाखों रुपयांना जातें. ते पैसे अर्थात् चित्रकर्त्रीला मिळत नाहींत; आधीं ज्यानें स्वस्तांत घेतलें त्याला मिळतात. कापसाच्या मुलखाला हा व्यवहार अनोळखी नाहीं.

बी. विठ्ठल हेहि गुणी कलावंत होते. त्यांचा आवडता विषय बैल. मस्तक खालीं करून, वशिंड उभारून रोखलेला बैल त्यांनीं कांशांत ओतला आणि रंगांतहि काढला. पोळ्याच्या मुलखांतल्या माणसाला त्याची ओळख सांगावयास नको. एकाच घरांत एकजण बैल घडवीत आहे आणि दुसरी कोळीण रंगवीत आहे, असा तो संसार होता. दोघेहि नांवाआधीं 'बी.' एवढेंच अक्षर लावीत. १९९२ सालीं विठ्ठल निवर्तले. प्रभाबाई त्यानंतर नऊ वर्षें जगल्या आणि २० सप्टेंबर २००१ रोजीं नागपूर येथें वारल्या. जेथें पहिल्यांदां कलाशाळेची पायरी चढल्या त्याच गांवीं अखेर झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तळेगांव दशासरचे गाडेहि गेले.

दरवर्षीं अमरावती आणि अकोला येथील शाळांतून शेंकडों मुली एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसतात. निळ्या पेटींतले रंग, पाण्याची वाटी, गुडघ्यावर घेतलेला फळा. बरीच मंडळी वरच्या श्रेणींत उत्तीर्ण होते. दहावीनंतर मात्र ती पेटी बहुधा माळ्यावर जाते. मुलीच्या हातीं कला आहे म्हणजे लग्नांत रुखवत चांगलें मांडेल, एवढाच हिशोब कित्येक घरांतून अद्याप होतो. त्या मुलींना मुंबई-दिल्लीचे चित्रकार सांगण्याआधीं बेल्याच्या मुलीचें नांव सांगितलें, तर निदान आपल्याकडून कोणी गेलेंच नाहीं असें तरी त्यांना वाटणार नाहीं.

प्रभाबाईंचीं चित्रें कोठें पाहावयास मिळतील असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांचीं चित्रें आहेत. भाभांनीं घेतलेलीं चित्रें त्यांच्या संशोधनसंस्थेच्या संग्रहांत गेलीं. एअर इंडिया १९५३ सालीं सरकारी झाली होती, ती २०२२ च्या जानेवारींत पुन्हां टाटांकडे गेली. तिचा कलासंग्रह मात्र सरकारकडे राहिला आणि २०२३ सालीं तो त्याच राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्वाधीन करण्याचें ठरलें. दिल्लीस जाण्याचा योग आला तर तेथें चौकशी करावी. चित्र समोर आलें म्हणजे चेहरा पाहून झाल्यावर खालच्या कोपऱ्याकडेहि नजर टाकावी. तेथें इंग्रजी लहान लिपींत, एकहि मोठें अक्षर न वापरतां, 'बी. प्रभा' अशी सही असते आणि बहुधा तिच्याशेजारीं साल.